लग्नाच्या प्रदर्शनातला स्टॉल : लावण एकदा, खोडवा पुढे



कारखान्याचा भोंगा वाजू लागला की आपल्या भागात दोन हंगाम बरोबरच सुरू होतात. एक गळिताचा आणि दुसरा लग्नसराईचा. तुळशीचे लग्न लागले की मंगल कार्यालयांच्या तारखा भरू लागतात, आणि घरोघरी याद्या सुरू होतात. पूर्वी बस्ता बांधायला एकाच गावच्या एकाच पेठेत जायचे, अशी रीत होती. अलीकडे जिल्ह्याच्या आणि आता तालुक्याच्या गावीही लग्नाची प्रदर्शने भरतात. एखाद्या मोठ्या कार्यालयात दोन-तीन दिवस साडीवाले, सोनार, मेंदीवाल्या, फोटोवाले, आचारी, पत्रिका छापणारे असे सगळे एका छपराखाली बसतात आणि लग्नघरची माणसे हिंडून चौकशी करतात.

आपल्या सभासदांच्या घरांतून अनेक भगिनी रुखवताचे पदार्थ करतात, आंतरपाट भरतात, मुंडावळ्या ओवतात, सप्तपदीच्या सुपाऱ्या सजवतात. आजवर हे काम ओळखीपाळखीवर चालत आले. आता त्यांचा प्रश्न असा की, "प्रदर्शनात स्टॉल घ्यावा का? भाडं भागेल का? का हात दाखवून अवलक्षण व्हायचं?" प्रश्न रास्त आहे. उसाचे पैसे हप्त्याहप्त्याने येतात आणि घरखर्च रोजचा असतो. अशा वेळी घरातला चार पैशांचा धंदा मोठा आधार देतो. पण तोच धंदा हिशेबाशिवाय केला तर उसाच्या बिलातले पैसे त्यात जिरतात. म्हणून या अंकात या विषयाची थोडी सविस्तर माहिती आम्ही देत आहोत.

स्टॉल कशासाठी घ्यायचा?

पहिली गोष्ट पक्की समजून घेतली पाहिजे. जत्रेतला स्टॉल आणि लग्नाच्या प्रदर्शनातला स्टॉल यांत फरक आहे. जत्रेत माणूस खिशात हात घालून येतो, वस्तू घेतो आणि जातो. संध्याकाळी गल्ला मोजला की धंदा कळतो. लग्नाच्या प्रदर्शनात येणारी आई, मावशी किंवा नवरी मुलगी त्या दिवशी फारसे विकत घेत नाही. ती बघायला, भाव विचारायला आणि घरी जाऊन चर्चा करायला आलेली असते. लग्न दोन महिन्यांवर असते. लाडू-करंज्या आज घेऊन ती काय करणार?

तेव्हा या स्टॉलवर आपण माल विकायला कमी आणि लग्नघरे गाठायला जास्त जातो. ज्यांच्या घरी कार्य ठरले आहे अशी शे-दोनशे घरे गावोगाव हिंडून शोधायची म्हटली तर सहा महिने जातील. प्रदर्शनात ती दोन दिवसांत आपल्या पुढ्यात येतात. स्टॉलचे भाडे आपण या गाठीभेटीचे देतो.

ऊस उत्पादकाला हे सांगायला फार शब्द लागू नयेत. लावणीच्या वर्षी नांगरट, सऱ्या, बेणे, लागणीची मजुरी असा सगळा खर्च अंगावर येतो. खोडव्याला बेणे लागत नाही, पूर्वमशागत लागत नाही. मात्र बुडखे छाटले नाहीत, नांग्या भरल्या नाहीत, खत वेळेवर दिले नाही तर खोडवा हाती लागत नाही. प्रदर्शनाचे अगदी तसेच आहे. स्टॉलचे दोन दिवस ही लावण. पुढच्या दोन-तीन महिन्यांत येणाऱ्या ऑर्डरी, आणि त्या लग्नात आपले रुखवत पाहून आलेल्या पाहुण्यांच्या ऑर्डरी, हा खोडवा. बहुतेक जणी लावण करतात आणि खोडव्याकडे पाहत नाहीत. मग भाडे अंगावर पडले असे म्हणतात.

आधी पंचांग, मग भाडे

लग्नसराई वर्षभर सारखी नसते. कार्तिक शुद्ध द्वादशीपासून पौर्णिमेपर्यंत तुळशीची लग्ने होतात, त्यानंतर मार्गशीर्षात मुहूर्त असतात. पौषात साधारणपणे लग्ने करीत नाहीत. माघ-फाल्गुनात पुन्हा गर्दी, आणि वैशाख-ज्येष्ठात तर एका दिवशी चार-चार आमंत्रणे. आषाढी एकादशीनंतर चातुर्मासात सारे थंड. शिवाय अधिक महिना आला की तो महिना मोकळा जातो. २०२६ साली ज्येष्ठ अधिक, म्हणजे त्या वर्षी ऐन उन्हाळ्याच्या अखेरीचा काळ लग्नाविना. ही गोष्ट आधी पाहिली नाही तर वाळवणाचा माल डब्यात पडून राहतो.

प्रदर्शन मुहूर्तांच्या निदान दीड-दोन महिने आधी असेल तरच आपल्या उपयोगाचे. ऐन लग्नाच्या आठवड्यात भरणाऱ्या प्रदर्शनात लोक कपडे, बांगड्या घेतील, पण रुखवत सांगायला येणार नाहीत. ते त्यांनी आधीच कोणाकडे तरी सांगितलेले असते. दिवाळीनंतर लगेच भरणारे प्रदर्शन माघ-फाल्गुनासाठी आणि संक्रांतीनंतरचे वैशाखासाठी सोयीचे पडते.

भाडे भरण्यापूर्वी भरवणाऱ्यांना पुढील गोष्टी विचाराव्यात आणि उत्तरे कागदावर घ्यावीत :

१. एकूण स्टॉल किती, आणि त्यांत रुखवताचे किती?
२. आपली जागा दाराजवळ, आचाऱ्यांच्या रांगेत की मागच्या कोपऱ्यात?
३. टेबल, खुर्च्या, दिवा आणि विजेचे कनेक्शन भाड्यात आहे की त्याचे वेगळे पैसे?
४. प्रदर्शन रद्द झाले किंवा पुढे ढकलले तर भाडे परत मिळेल काय?
५. जाहिरात कोठे करणार? आपल्या तालुक्यातल्या गावांतून करणार काय?

शेवटचा प्रश्न महत्त्वाचा आहे. शहरातल्या मोठ्या हॉटेलातील प्रदर्शनाचा डामडौल मोठा असतो आणि भाडेही तसेच. पण तिथे येणारे गिऱ्हाईक ऐंशी किलोमीटरवरून रुखवत नेणार आहे का? चकली-अनारसे इतक्या लांब एस.टी.ने किंवा टेम्पोने न्यायचे तर निम्मा चुरा होतो. पहिल्या खेपेला आपल्या किंवा शेजारच्या तालुक्याचे गाव बरे. आणि त्याहून बरे म्हणजे पहिल्या वर्षी स्टॉल न घेता नुसते बघायला जावे. कोणापुढे बायका थांबतात, काय विचारतात, कोणता भाव ऐकून पुढे सरकतात, हे फुकटात शिकायला मिळते.

एकटीने भाडे झेपत नसेल तर तिघींनी मिळून स्टॉल घ्यावा. एकीचे फराळाचे रुखवत, दुसरीचे भरतकामाचे आंतरपाट-तोरण, तिसरीच्या मुंडावळ्या, अक्षतांच्या पिशव्या आणि सुपाऱ्या. माल वेगवेगळा असल्याने भांडण होत नाही आणि लग्नघराला सगळे एके ठिकाणी मिळते. भाड्याची वाटणी, बसण्याच्या पाळ्या आणि एकीने दुसरीची ऑर्डर घेतली तर काय, हे आधी वहीत लिहून तिघींनी सह्या कराव्यात. सख्ख्या जावा असल्या तरी लिहावे!

टेबलावर काय मांडावे?

नवीन माणूस चूक करतो ती इथे. घरात जे जे म्हणून करता येते ते सारे टेबलावर रचतो. पापड, लोणची, मसाला, गोधडी, उटणे, आकाशकंदील. येणाऱ्याला काही कळत नाही की ही बाई नक्की करते काय. लग्नाच्या प्रदर्शनात लग्नाचाच माल हवा. एक संपूर्ण रुखवत, कार्यालयात जसे मांडतात तसे, पायऱ्या करून मांडावे. लाडू, करंजी, चकली, अनारसे, शेवया, कुरडई, सजवलेल्या खोबऱ्याच्या वाट्या, मधे सप्तपदीच्या सुपाऱ्या, मागे आंतरपाट. पाहणाऱ्या आईच्या डोळ्यांपुढे आपल्या लेकीचे कार्य उभे राहिले पाहिजे.

मागच्या फलकावर दहा पावलांवरून वाचता येईल एवढ्या अक्षरांत तीनच गोष्टी असाव्यात : काय करतो, किती नगांचा संच, आणि गाव. भाव लिहिलेला असावा. "भाव विचारला तर महाग सांगतील" या संकोचाने पुष्कळ माणसे न विचारताच पुढे जातात. संच तीन ठेवावेत : ५ पदार्थांचा लहान, ११ चा मध्यम आणि २१ चा मोठा. लहान संच अवश्य ठेवावा. सगळ्यांचीच ऐपत सारखी नसते, आणि लहान संच नेणारे घरही पुढे आपले नाव सांगते.

चवीसाठी एकच पदार्थ ठेवावा आणि तो आपल्या हातचा सर्वांत चांगला असावा. झाकणाच्या डब्यात, चिमट्याने देण्याची सोय करून. उघड्या ताटात माशा बसलेली चकली पाहिल्यावर आपण कितीही गोड बोललो तरी उपयोग नाही.

बोलावे कसे?

"या ताई, घ्या ना ताई" असा पुकारा भाजीबाजारात शोभतो. इथे गिऱ्हाइकाला आधी विचारावे, "काकू, कार्य कधी आहे?" मग, "कुठल्या कार्यालयात?" आणि तिसरे, "रुखवत घरी करणार की करून घेणार?" या तीन प्रश्नांत सगळे येते. तारीख कळली की आपल्याला वेळ आहे की नाही ते कळते. कार्यालय कळले की माल पोचवण्याचा खर्च कळतो. तिसऱ्या उत्तरावरून पुढे किती बोलायचे ते कळते.

मुलगी स्वतः आली असेल तर आंतरपाटाचे रंग, त्यावरची नावे यांत तिला गोडी असते. आई किंवा मावशी असेल तर तिला वेळेची आणि चवीची काळजी असते. "आयत्या वेळी दगा देणार नाही ना?" हा तिच्या मनातला खरा प्रश्न. त्याला एकच उत्तर आहे. आपली तारखेची वही उघडून दाखवायची.

नाव-पत्ता मिळवण्यासाठी चिठ्ठ्यांची पेटी ठेवण्याची युक्ती चांगली आहे. चिठ्ठीवर नाव, गाव, लग्नाची तारीख आणि फोन नंबर लिहायचा, शेवटच्या दिवशी सोडत काढून एक भरलेला आंतरपाट बक्षीस द्यायचा. मात्र दोन पथ्ये पाळावीत. सोडत सर्वांसमोर काढावी. आणि "आम्ही फोन केला तर चालेल ना?" हे चिठ्ठी घेतानाच विचारावे. ते नंबर दुसऱ्या कोणा साडीवाल्याला किंवा फोटोवाल्याला देऊ नयेत. एका घराने विश्वासाने दिलेली गोष्ट आहे ती.

तारखेची वही म्हणजे तोडणीचा कार्यक्रम

आपण कारखान्याकडे उसाची नोंद करतो. लागणीची तारीख, जात, क्षेत्र लिहिले जाते आणि त्यावरून तोडणीचा कार्यक्रम ठरतो. सगळ्यांचा ऊस एकाच दिवशी गव्हाणीत टाकता येत नाही, कारण गाळपाची ठरावीक क्षमता असते. घरच्या कढईलाही क्षमता असते, हे आपण विसरतो.

लग्ने मुहूर्तावर होतात आणि मुहूर्त थोडे असतात. बारा ऑर्डरी मिळाल्या म्हणून आनंद होतो, पण त्यांतल्या पाच एकाच तारखेच्या निघतात. लाडू, करंज्या, चकल्या शेवटच्या आठवड्यात ताज्याच करायच्या. घरात दोन शेगड्या आणि तीन बायका. अशा वेळी पाचही ऑर्डरी घेतल्या तर पाचही बिघडतात. म्हणून वहीत एका तारखेला एक पान द्यावे आणि "या तारखेला जास्तीत जास्त दोन" किंवा "तीन" असा आकडा वरच लिहून ठेवावा. तो भरला की नम्रपणे नाही म्हणावे, किंवा शेजारच्या गावच्या भगिनीकडे पाठवावे. नकार दिलेले घर रागावत नाही. मांडव पडल्यावर फसलेले घर मात्र गावभर सांगते.

कामाचीही अशीच वाटणी करता येते. शेवया, कुरडया, पापड, सांडगे ही वाळवणे उन्हाळ्यात करून डबाबंद ठेवायची. आंतरपाट, तोरण, सुपाऱ्या, मुंडावळ्या हे हातकाम पावसाळ्यात, शेतीच्या कामातून सवड मिळेल तसे. अनारशाला तर तांदूळ तीन दिवस भिजवून, रोज पाणी बदलून, वाळवून कुटावे लागतात आणि गूळ घालून पीठ मुरावे लागते. ते आठवडाभर आधी धरायचे. अशी विभागणी केली की शेवटच्या आठवड्यात फक्त तळणी आणि लाडू उरतात.

ऑर्डर घेताना जोडपावतीचे बुक वापरावे. पदार्थ व नग, रंग, पोचवण्याची वेळ, ठिकाण, माल कोणाच्या ताब्यात द्यायचा त्याचे नाव, एकूण रक्कम आणि आलेली उचल, सगळे लिहून दोन्हीकडच्या सह्या. आंतरपाटावर घालायची नावे गिऱ्हाइकाच्या हातूनच लिहून घ्यावीत. ऱ्हस्व-दीर्घ चुकले तर तो आंतरपाट दुसऱ्या कोणालाही विकता येत नाही. उचल निदान मालमसाल्याच्या खर्चाइतकी घ्यावी. फुकटची भीड घातक असते. उचल न घेता केलेले रुखवत, लग्नाची तारीख पुढे गेली तर आपल्याच घरात खावे लागते.

हिशेब कसा मांडावा?

आता मुख्य गोष्ट. पुढील आकडे केवळ नमुन्याचे आहेत. ज्याने त्याने आपापले घालून पाहावेत.

समजा, दोन दिवसांचे भाडे ६,००० रुपये. टेम्पो १,५००. फलक, कापड, पत्त्याची कार्डे १,५००. चवीचा माल १,०००. चहा-जेवण ६००. आणि दोघींची दोन दिवसांची मजुरी, रोज ४०० प्रमाणे, १,६००. एकूण १२,२०० रुपये. मजुरी धरली म्हणून कोणी हसू नये. शेतात गेली असती तर ती मिळालीच असती. घरच्या बाईचे हात फुकट धरायचे, हा हिशेब खोटा आहे.

दोन दिवसांत किरकोळ विक्री समजा ९,००० झाली. त्यातला माल आणि करणावळ ५,४०० वजा जाता उरले ३,६००. म्हणजे प्रदर्शन संपले त्या संध्याकाळी आपण ८,६०० रुपयांनी तोट्यात. इथेच घरचे म्हणतात, "सांगत होतो, नको ते धंदे!"

पण पेटीत समजा ६० चिठ्ठ्या आल्या. त्यांतल्या ४० घरांची तारीख ठरलेली. त्या चाळिसांपैकी १२ घरांनी सरासरी ४,५०० रुपयांचे रुखवत सांगितले. प्रत्येकी माल व मजुरी ३,००० वजा जाता १,५०० उरतात. बारा ऑर्डरींचे १८,०००. त्यातून तोट्याचे ८,६०० वजा केले की ९,४०० रुपये निव्वळ शिल्लक, आणि घरच्यांची मजुरी त्यात आधीच मिळालेली.

याच हिशेबात आणखी एक आकडा दडला आहे. ८,६०० चा खड्डा भरायला १,५०० प्रमाणे सहा ऑर्डरी लागतात. पाच मिळाल्या तर नुकसान, सात मिळाल्या तर फायदा. भाडे भरण्यापूर्वी असा "खड्डा भरण्याचा आकडा" काढावा आणि स्वतःला विचारावे, एवढ्या ऑर्डरी आपल्याला मिळतील का, आणि मिळाल्या तर करता येतील का? दोहोंपैकी एकाचे उत्तर "नाही" आले तर स्वस्त स्टॉल शोधावा किंवा भागीदारीत घ्यावा.

आणखी दोन सूचना. घरात सणासाठी सवलतीच्या दराने आलेली साखर धंद्याच्या हिशेबात बाजारभावानेच धरावी. नाहीतर ती संपल्यावर भाव वाढवावा लागतो आणि गिऱ्हाईक तुटते. दुसरे, पीककर्जाची रक्कम स्टॉलच्या भाड्यात घालू नये. ते पैसे खता-पाण्याचे आहेत. भांडवल कमी असेल तर बचत गटातून लहानशी उचल घ्यावी. मुंबईत गिरगावात १९५९ साली सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, त्यातून लिज्जत पापडाचा उद्योग उभा राहिला, हे सर्वांना माहीत आहेच. रक्कम लहान होती, पण हिशेब चोख होता आणि मालाचा दर्जा सांभाळला होता.

खोडवा राखणे

प्रदर्शन संपले की दोन दिवस झोप काढावी असे वाटते. पण नांग्या भरायची वेळ तीच असते. तिसऱ्या दिवसाच्या आत सर्व चिठ्ठ्या तारखेप्रमाणे लावाव्यात. जवळच्या तारखांना आधी फोन करावा, तोही दुपारच्या निवांत वेळी. सकाळी आठ वाजता लग्नघरच्या बाईला बोलायला सवड नसते. "काकू, परवा आपण भेटलो होतो, आंतरपाटाचा हिरवा रंग तुम्हाला आवडला होता," असे एखादे खूण पटणारे वाक्य असले की ओळख ताजी होते. त्यासाठी चिठ्ठीच्या मागे स्टॉलवरच दोन शब्द टिपून ठेवावेत. मोबाईलवर फोटो पाठवता येतात; पाच निवडक पाठवावेत, पन्नास नव्हे. दोनदा फोन करूनही उत्तर आले नाही तर तिसऱ्यांदा पाठ धरू नये.

ज्यांना घरी येऊन पाहायचे आहे त्यांना एक ठरावीक वार द्यावा. संक्रांत ते रथसप्तमी घरोघरी हळदीकुंकू असतेच. त्या निमित्ताने चार लग्नघरच्या बायकांना बोलावून रुखवत दाखवले तर वेगळा खर्च न येता काम होते.

माल पोचवल्यावर कार्यालयात मांडलेल्या रुखवताशेजारी आपले लहानसे कार्ड ठेवायची परवानगी यजमानांना विचारावी. तीनशे पाहुण्यांपैकी दोघांच्या घरी जरी पुढच्या मोसमात लग्न असले तरी ते गिऱ्हाईक आपल्याकडे बिनभाड्याने येते.

कागदपत्रे

खाण्याचे पदार्थ विकायचे तर २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंदणी लागते, धंदा घरचा असला तरी. नोंदणीचा १४ अंकी नंबर पाकिटावर छापायचा. त्याशिवाय पदार्थाचे नाव, त्यातले जिन्नस, निव्वळ वजन, केल्याची तारीख, कधीपर्यंत खावे, करणाऱ्याचे नाव-पत्ता आणि शाकाहारी असल्याची चौकोनातली हिरवी टिकली, एवढे असावे. लहान उद्योगाची "उद्यम" नोंदणी १ जुलै २०२० पासून सुरू आहे आणि ती सरकारी संकेतस्थळावर विनामूल्य होते. ती करून देतो म्हणून कोणी हजार-पाचशे मागितले तर देऊ नयेत.

प्रदर्शनात अनुभव घ्यायचा तर १९७५ साली स्थापन झालेले महिला आर्थिक विकास महामंडळ आणि "उमेद" अभियान यांच्याशी जोडलेल्या गटांतून चौकशी करावी. मुंबईचे महालक्ष्मी सरस, पुण्याची भीमथडी जत्रा ही प्रदर्शने लग्नाची नव्हेत. पण गावच्या बायका तिथे माल कसा मांडतात, भाव कसा सांगतात, हे बघण्यासारखे असते.

जमा होणारे पैसे जिने काम केले तिच्या स्वतःच्या बँक खात्यात जावेत. स्टॉलवर ठेवायचा क्यूआर कोडही तिच्याच खात्याचा असावा. नवऱ्याच्या किंवा मुलाच्या खात्यात गेलेले पैसे कुठे गेले ते वर्षअखेरीला सापडत नाहीत.

दोन ठिकाणी सावध राहावे

अशा प्रदर्शनांत आणि गावातही "घरबसल्या विक्री" या नावाखाली काही मंडळी भेटतात. आधी पैसे भरून सभासद व्हा, मग आणखी चौघींना आणा, त्यांनी चौघींना आणले की तुम्हाला पैसे, असा त्यांचा मंत्र असतो. यात माल नावापुरता असतो आणि पैसा येतो तो खालच्यांच्या खिशातून. अशा साखळी योजनांवर १९७८ च्या कायद्याने बंदी आहे, आणि थेट विक्रीसाठी २०२१ साली केलेल्या नियमांतही त्यांना मज्जाव आहे. साधी परीक्षा अशी : पैसा माल विकून मिळतो की माणसे आणून? माणसे आणून मिळत असेल तर नमस्कार करावा आणि उठावे. यात पैसे तर बुडतातच, आणि जिला आपण आणले त्या शेजारणीशी कायमचे वैर होते.

दुसरी गोष्ट नाजूक आहे, पण बोलली पाहिजे. रुखवत म्हणजे मुलीकडच्यांच्या हातच्या कलेचे कौतुक. हल्ली त्यात कपाट, फ्रीज, भांड्यांची रास मांडून त्याची मागणी करण्याची रीत शिरली आहे. १९६१ च्या कायद्याप्रमाणे हुंडा देणे आणि घेणे दोन्ही गुन्हा आहे. आपल्या स्टॉलवर कोणी बाप खालच्या आवाजात म्हणाला, "पाहुण्यांनी मोठंच मागितलंय, काहीतरी भरगच्च करा," तर त्याला मोठा संच विकण्याची घाई करू नये. ११ पदार्थांचे नेटके रुखवतही कार्यालयात उठून दिसते, हे त्याला सांगावे. तोही आपल्यासारखाच ऊसवाला असेल, आणि त्याचेही बिल पुढच्या हप्त्यावर असेल. गिऱ्हाइकाला कर्जात लोटून मिळालेला नफा आपल्या गावात फार दिवस पचत नाही.

भगिनींनो, स्टॉल घ्या, पण आधी पंचांग पाहा, खड्डा भरण्याचा आकडा काढा, तारखेची वही शिवा. आणि बंधूंनो, त्या दोन दिवशी घरची गुरे, पाणी आणि पोरे तुम्ही सांभाळा. टेम्पोत डबे चढवायला आणि संध्याकाळी उतरवायला हात लावा. तोही या धंद्याच्या भांडवलाचाच भाग आहे. ज्या घरांतून पुढच्या मोसमात स्टॉल लागेल त्यांनी आपला जमाखर्च गटाच्या बैठकीत उघडपणे मांडावा; एकीचा खरा हिशेब दहा जणींच्या उपयोगी पडतो.